पीतज्वर लसीकरण प्रमाणपत्र

पीतज्वर लसीकरण प्रमाणपत्र हा पीतज्वराची, म्हणजे बोलीभाषेतल्या यलो फीवरची, लस घेतल्याचा आंतरराष्ट्रीय मान्यतेचा प्रवासी दस्तऐवज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार तो दिला जातो. पिवळ्या पुस्तिकेच्या स्वरूपामुळे त्याला ‘यलो कार्ड’ असेही म्हणतात. नैरोबी, अदिस अबाबा, कंपाला, अक्रा, लुआंडा अशा आफ्रिकी राजधान्यांना जाऊन भारतात परतणाऱ्या प्रवाशाजवळ हे प्रमाणपत्र नसल्यास त्याला सहा दिवसांपर्यंत सक्तीच्या विलगीकरणात ठेवता येते. त्यामुळे मुंबई-ठाणे परिसरातून आफ्रिकेच्या प्रवासाची आखणी करताना विमानाच्या तिकिटाआधी लशीच्या तारखेचा विचार करणे इष्ट ठरते.

पार्श्वभूमी

पीतज्वर हा विषाणुजन्य रोग असून शहरी भागात तो मुख्यतः एडीस इजिप्ती या डासामार्फत पसरतो. संसर्गानंतर साधारणतः तीन ते सहा दिवसांत लक्षणे दिसतात. विलगीकरणाची सहा दिवसांची मुदत यावरूनच ठरली आहे. हा रोग आफ्रिका व दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांत आढळतो, आशियात त्याने मूळ धरलेले नाही. परंतु डेंग्यू पसरवणारा डासही हाच आहे आणि ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील रहिवाशांना तो दर पावसाळ्यात परिचयाचा असतो. रोगवाहक डास मुबलक, लोकसंख्या दाट आणि लस घेतलेल्यांची संख्या नगण्य, अशा प्रदेशात विषाणू शिरला तर काय होईल, ही भीती भारताच्या कडक नियमांच्या मुळाशी आहे.

ही भीती जुनी आहे. १९१४ मध्ये पनामा कालवा खुला झाला, तेव्हा अमेरिका खंडातून जहाजांबरोबर हा रोग आशियात येईल अशी चिंता ब्रिटिश भारतातील आरोग्य अधिकाऱ्यांना वाटत होती. विमानवाहतूक वाढल्यावर ती अधिक गडद झाली. १९३३ च्या हवाई वाहतुकीसंबंधीच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य करारात पीतज्वराबाबत स्वतंत्र तरतुदी होत्या. १९३७ मध्ये मॅक्स थायलर यांनी १७डी ही लस विकसित केली व त्यासाठी त्यांना १९५१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजही हीच लस वापरात आहे. स्वतंत्र भारतात १९५४ चे विमान (सार्वजनिक आरोग्य) नियम आणि १९५५ चे बंदर आरोग्य नियम यांनी या व्यवस्थेला कायद्याचा आधार दिला.

येथे एक विरोधाभास नोंदवण्याजोगा आहे. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईहून निघालेली जहाजे परदेशी बंदरांत रोखली जात होती आणि मुंबईकर प्रवाशाकडे संशयाने पाहिले जात होते. पीतज्वराच्या बाबतीत तपासणारी बाजू मुंबईची आहे.

ही दक्षता अनाठायी नसल्याचे २०१६ मध्ये दिसून आले. २०१५ च्या अखेरीस अंगोलाची राजधानी लुआंडा येथे सुरू झालेल्या साथीत तेथून चीनला परतलेल्या ११ जणांना पीतज्वर झाल्याचे निष्पन्न झाले. आशियात निश्चित निदान झालेले ते पहिले रुग्ण होते. सुदैवाने तेथे स्थानिक प्रसार झाला नाही.

वैधता व स्वरूप

प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी वैध होते. पूर्वी त्याची मुदत दहा वर्षे होती. ११ जुलै २०१६ पासून ते आयुष्यभर ग्राह्य धरले जाते आणि जुन्या प्रमाणपत्रांनाही हा नियम लागू आहे. त्यावर पारपत्राप्रमाणे नाव, लशीचा उत्पादक व तुकडी क्रमांक, लसीकरणाची तारीख, वैद्यकाची स्वाक्षरी आणि केंद्राचा अधिकृत शिक्का असावा लागतो. प्रत्येक व्यक्तीचे प्रमाणपत्र स्वतंत्र असते. लहान मुलाच्या प्रमाणपत्रावर पालक सही करतात. खाडाखोड केलेले किंवा अर्धवट भरलेले प्रमाणपत्र अग्राह्य ठरू शकते.

जाताना आणि परतताना

प्रवाशांचा सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. युगांडा, घाना, अंगोला हे देश येणाऱ्या जवळपास सर्वच प्रवाशांकडे प्रमाणपत्र मागतात. केनिया व इथिओपिया मात्र ते पीतज्वराचा धोका असलेल्या देशांतून येणाऱ्यांकडे मागतात आणि भारत त्या देशांत मोडत नाही. केवळ नैरोबी शहरापुरता प्रवास असल्यास वैद्यकीयदृष्ट्याही ही लस सर्वसाधारणपणे आवश्यक मानली जात नाही. केनियातील १९९२-९३ ची साथ केरिओ खोऱ्यात आणि २०२२ ची साथ इसिओलो भागात, म्हणजे राजधानीपासून दूर होती. तरीही भारताचा नियम संपूर्ण देश धरून चालतो. नैरोबीत दोन दिवस राहून परतणाऱ्यालाही प्रमाणपत्र लागते ते केनियाच्या नव्हे, तर भारताच्या दारात. विमान कंपन्या ते मुंबईहून निघतानाच पाहू शकतात.

दक्षिण आफ्रिका या यादीत नाही, पण तेथे नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे जाणारे प्रवासी नियमाच्या कक्षेत येतात. संपूर्ण मुक्काम विमानतळाच्या आतच झाला असेल आणि आरोग्य अधिकाऱ्याला ते मान्य असेल, तर सूट मिळू शकते. ही सूट हक्काची नसल्याने तिच्या भरवशावर राहणे जोखमीचे आहे.

विलगीकरणाची मुदत शेवटच्या संभाव्य संसर्गापासून सहा दिवस किंवा प्रमाणपत्र वैध होईपर्यंत, यांपैकी जे आधी संपेल तितकी असते.

ठाणे परिसरातील प्रवाशांसाठी

लस फक्त केंद्र शासनाने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच घ्यावी लागते. नेहमीच्या दवाखान्यात घेतलेल्या लशीचे प्रमाणपत्र चालत नाही. मुंबईत सहार येथील विमानतळ आरोग्य संघटना आणि दक्षिण मुंबईतील बंदर आरोग्य संघटना ही जुनी केंद्रे आहेत. ठाण्यातील कोलशेत, ढोकाळी, बाळकूम या भागांतून सहारला जाण्यासाठी कापूरबावडीमार्गे रस्ता सोयीचा पडतो. बंदर आरोग्य संघटनेच्या केंद्रात जायचे तर ठाणे स्थानकातून मध्य रेल्वेने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठावे लागते. कल्याण-डोंबिवलीकरांनाही हाच लोहमार्ग सोयीचा आहे.

आयत्या वेळी जाऊन लस मिळेलच असे नाही. एका कुपीत अनेक मात्रा असतात आणि ती उघडल्यावर काही तासांत संपवावी लागते. म्हणून केंद्रे ठरावीक दिवशी, पूर्वनोंदणीने लोक एकत्र बोलावतात. नोंदणीची प्रतीक्षा आणि त्यानंतरचे दहा दिवस हे दोन्ही धरून निदान महिनाभर आधी हालचाल करणे व्यवहार्य ठरते. केनियाने जानेवारी २०२४ पासून व्हिसाऐवजी लागू केलेली इलेक्ट्रॉनिक प्रवास परवानगी तुलनेने कमी दिवसांत मिळते. खोळंबा होतो तो लशीपायी.

कोणी लस घेऊ नये

ही जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूची लस असून ती कोंबडीच्या अंड्यांवर वाढवली जाते. अंड्याची तीव्र ॲलर्जी, थायमस ग्रंथीचे विकार, रोगप्रतिकारशक्ती घटवणारे आजार किंवा उपचार असलेल्यांना, तसेच नऊ महिन्यांखालील अर्भकांना ती सहसा देत नाहीत. गर्भवती व स्तनदा मातांबाबत निर्णय वैद्यक घेतात. साठ वर्षांवरील व्यक्तींत प्रथमच लस घेतल्यास गंभीर दुष्परिणामांचे प्रमाण अधिक आढळते. ते एकूणात दुर्मीळच आहेत, परंतु आफ्रिकेत नोकरीला असलेल्या मुलाकडे निघालेल्या आईवडिलांच्या बाबतीत हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो. नैरोबीसारख्या शहरात धोका कमी आणि लशीचा धोका वयामुळे वाढलेला, अशा वेळी वैद्यक लस न घेण्याचे कारणपत्र देऊ शकतात. अशा पत्राने लशीतून सुटका होते. विलगीकरणातून होईलच असे नाही, तो निर्णय विमानतळावरील आरोग्य अधिकाऱ्याचा असतो. काही ज्येष्ठ प्रवाशांपुढे म्हणूनच लस किंवा परतल्यावरचे सहा दिवस, एवढेच पर्याय उरतात.