कशेडी घाट आणि ब्रेक लाईट

परवा मित्राच्या मॉडिफाय केलेल्या जुन्या जीपमधून कशेडी घाट उतरून पोलादपूरला पोचलो. मागचा ट्रकवाला ओरडला, "अहो, ब्रेक लाईट लागतच नाही! थोडक्यात वाचलात."

महाडच्या मेकॅनिककडे कळलं, बल्ब ठीक, गोची इतिहासात! महायुद्धातल्या विलीज जीपचा स्विच ब्रेक ऑइलच्या दाबावर चालायचा. महिंद्रने पुढे विलीज जीप भारतात जोडायला घेतली. मित्राने 'ओरिजिनल' म्हणून तसलाच स्विच ठेवलेला. पण घाटात आपण ब्रेकवर पाय नुसता टेकवतो. दाब कमी, दिवा गप्प. आताच्या गाड्यांत स्विच पेडलपाशी असतो. पेडल हललं की दिवा. आम्हीही तसाच बसवला. पाय काढल्यावर दिवा विझतो ना, हेही मागे उभं राहून पाहिलं.

असो. जीपची हौस आपली, पण ब्रेक लाईट मागच्यासाठी असतो.