केपच्या वाटेवरचा पेंग्विन

१४९७ च्या नोव्हेंबरात वास्को द गामाची जहाजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून आजच्या मोसेल बे इथल्या उपसागरात थांबली. या सफरीची जी रोजनिशी उपलब्ध आहे, तिच्या कर्त्याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तो कोणीही असो, तिथल्या खडकाळ बेटावर बदकाएवढे पक्षी पाहिल्याची नोंद त्याने करून ठेवली आहे. त्यांना उडता येत नाही आणि ते गाढवासारखे ओरडतात, असे तो सांगतो. पेंग्विनविषयीच्या सर्वांत जुन्या लेखी नोंदींपैकी ही एक. तीच जहाजे पुढे कालिकतला पोहोचली आणि परतताना कारवारजवळच्या अंजदीव बेटापाशी डागडुजीसाठी थांबली. कोकणच्या सागरी इतिहासाचे वाचन करता करता मी या रोजनिशीपर्यंत आलो आणि पुढची काही वर्षे त्या ओरडणाऱ्या पक्ष्याच्या मागे गेलो. त्याचा इतिहास हा बराचसा केपच्या जलमार्गाचाच इतिहास आहे, असे माझे मत झाले आहे.

पेंग्विन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बर्फ येतो. आफ्रिकन पेंग्विनचा बर्फाशी संबंध नाही. नामिबियापासून दक्षिण आफ्रिकेच्या अल्गोआ उपसागरापर्यंतची बेटे आणि किनाऱ्यावरच्या काही मोजक्या जागा हे त्याचे घर. भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ पासून जे हम्बोल्ट पेंग्विन आहेत, ते याच प्रजातीचे जवळचे नातलग. त्याचे मुख्य अन्न दोनच मासे: आपल्या तारलीसारखा सार्डिन आणि मांदेलीच्या कुळातला अँकोव्ही. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, कारण लेखाच्या उत्तरार्धात तिच्याकडे परत यायचे आहे.

युरोपातून पूर्वेकडे जाणाऱ्या जहाजांनी या पक्ष्याकडे प्रथम ताजे मांस म्हणून पाहिले. नेल्सन मंडेला यांच्या तुरुंगवासामुळे जगाला ठाऊक झालेल्या रॉबेन बेटावरून तो १८०० च्या सुमारास पार नाहीसा झाला, तो थेट १९८३ साली परतला. १८४० च्या दशकात नामिबियाच्या किनाऱ्याजवळच्या इचाबो बेटावर शेकडो जहाजे ग्वानोसाठी धावली. ग्वानो म्हणजे शतकानुशतके साचलेली पक्ष्यांची विष्ठा. युरोपातल्या शेतांना तिचे खत हवे होते. पेंग्विन याच थरात बीळ करून अंडी घालत. पुढे एकेका बेटावरून हा थर खरवडून नेला गेला आणि घरटी उघड्या खडकावर आली. अंडी उन्हात भाजू लागली, समुद्री पक्षी ती पळवू लागले. माणसेही मागे नव्हती. १९०० ते १९३० या तीस वर्षांत सुमारे १ कोटी ३० लाख अंडी खाण्यासाठी गोळा केली गेली. तरीही १९५६ च्या गणनेत जवळपास दीड लाख जोड्या होत्या.

१९६७ च्या जूनमध्ये अरब-इस्रायल युद्ध झाले आणि सुएझ कालवा बंद पडला. तो उघडायला १९७५ चा जून उजाडला. मधली आठ वर्षे आखाताचे तेल घेऊन युरोपकडे जाणारी जहाजे केपला वळसा घालून जाऊ लागली. १८६९ मध्ये कालवा झाल्यापासून दुय्यम ठरलेली वास्को द गामाची वाट पुन्हा गजबजली. १९६८ च्या एप्रिलमध्ये ‘एसो एसेन’ या टँकरमधून केपजवळ तेल सांडले. तेलाने माखलेले साठेक पेंग्विन केपटाऊनच्या अल्थिया वेस्टफाल या बाईंनी आपल्या घरी आणले आणि त्यांची शुश्रूषा सुरू केली. त्याच वर्षी त्यांच्या पुढाकाराने किनारी पक्ष्यांच्या रक्षणासाठी एक बिनसरकारी, ना-नफा संस्था उभी राहिली. तिच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘सॅनकॉब’ म्हणून ओळखली जाते.

पेंग्विन धुणे हे ऐकायला सोपे वाटते. त्याची पिसे एकमेकांत घट्ट अडकून जलरोधक कवच तयार करतात. तेल लागले की पिसे चिकटतात, थंड पाणी कातडीपर्यंत पोहोचते आणि पक्षी गारठतो. तो समुद्रात उतरत नाही, त्यामुळे उपाशी राहतो. चोचीने अंग साफ करताना तेल पोटात जाते, ते वेगळेच. म्हणून पक्षी आणल्याबरोबर त्याला पाण्याखाली धरायचे नसते. आधी नळीने द्रवपदार्थ आणि पोटातले विष शोषणारा कोळसा द्यायचा, ऊब द्यायची, अंगात ताकद आणायची. मग काही दिवसांनी साबणाने धुणे; डोक्याभोवती दात घासायचा ब्रश. एकाने धरायचे, दुसऱ्याने धुवायचे आणि दोघांनीही चावे सोसायचे. साबणाचा अंशही राहू नये म्हणून शेवटी भरपूर पाण्याने खळबळायचे. पिसे पुन्हा पाणी झटकू लागेपर्यंत काही आठवडे जातात. हे सारे शास्त्र या संस्थेने अनुभवातून घडवले.

त्याची किंमत दोन अपघातांत कळली. १९९४ च्या जूनमध्ये ‘अपोलो सी’ हे जहाज सर्व खलाशांसह बुडाले. सुमारे १० हजार पेंग्विन तेलात सापडले आणि त्यांतले निम्मेच वाचले. २३ जून २००० रोजी ब्राझीलहून चीनला लोहखनिज नेणारे ‘ट्रेझर’ जहाज रॉबेन आणि डासेन या बेटांच्या दरम्यान बुडाले. या वेळी सुमारे १९ हजार पक्षी माखले. केपटाऊनच्या सॉल्ट रिव्हर भागातल्या, रेल्वेच्या एका वापरात नसलेल्या गोदामात त्यांच्यासाठी छावणी उभारली गेली आणि हजारो स्वयंसेवक पाळ्या लावून कामाला आले. तेल न लागलेले आणखी सुमारे साडेएकोणीस हजार पक्षी पकडून पोर्ट एलिझाबेथजवळ समुद्रात सोडले गेले. हिशेब असा, की ते पोहत घरी येईपर्यंत पाणी स्वच्छ होईल. पीटर, पर्सी आणि पामेला या तीन पेंग्विनांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे होती आणि त्यांचा परतीचा प्रवास जगभरचे लोक पाहत होते. हिशेब बरोबर ठरला. धुतलेल्या पक्ष्यांपैकी सुमारे ९० टक्के पुन्हा समुद्रात गेले.

गोष्ट इथे संपली असती, तर ती एका यशस्वी संस्थेची गौरवगाथा झाली असती. मला ती महत्त्वाची वाटते, ती यापुढे जे घडले त्यामुळे. इतक्या कष्टाने वाचवलेला पक्षी पुढच्या वीस वर्षांत संपत चालला, आणि तेही मोठी तेलगळती झालेली नसताना. आज जगभरात त्याच्या १० हजारांहून कमी जोड्या उरल्या आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ प्रजातींत झाली. पेंग्विनांच्या कोणत्याही प्रजातीवर ही वेळ प्रथमच आली. घट याच गतीने चालू राहिली, तर २०३५ च्या सुमारास तो निसर्गातून नाहीसा होईल, असा अभ्यासकांचा इशारा आहे.

मुख्य कारण भूक. समुद्रातल्या बदलांमुळे सार्डिनचे थवे पश्चिम किनाऱ्यावरून पूर्वेकडे सरकले. उरलेल्या माशांवर पर्ससीन बोटींचे जाळे पडते. अँकोव्हीचा मोठा भाग माणसाच्या ताटात येतही नाही, त्याची मासळीची भुकटी होते. पेंग्विन वर्षातून एकदा सगळी पिसे टाकतो. त्या सुमारे तीन आठवड्यांत त्याला पाण्यात उतरता येत नाही, म्हणून आधी भरपूर खाऊन अंगावर चरबी चढवावी लागते. मासा मिळाला नाही, तर किनाऱ्यावर उभ्या उभ्या उपासमार होते. उशिरा जन्मलेल्या पिलांना पिसे टाकायला आलेले आईबाप तसेच सोडून देतात. अशी पिले उचलून, हाताने भरवून मोठी करण्याचा पद्धतशीर उपक्रम संस्थेने २००६ पासून चालवला आहे. ती पिले पुढे जंगली पिलांच्या बरोबरीने जगतात, हेही अभ्यासातून दिसले आहे. पण पुन्हा सोडायचे कुठे? त्याच रिकाम्या समुद्रात.

म्हणून साबण आणि ब्रश हाती असलेल्या या संस्थेला अखेर वकील गाठावा लागला. वसाहतींभोवती मासेमारी बंद ठेवून पाहण्याचे प्रयोग २००८ पासून चालू होते. त्यांच्या निष्कर्षांवर मासेमारी उद्योग आणि पक्षीअभ्यासक यांच्यात वर्षानुवर्षे वाद झाला. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या समितीचा अहवाल आला. त्यानंतरही सरकारने जे बंदीक्षेत्र कायम ठेवले, त्यातून पेंग्विन खरोखर जिथे मासे पकडतात तो बराचसा भाग वगळलेला होता, अशी संस्थेची तक्रार होती. २०२४ च्या मार्चमध्ये ‘सॅनकॉब’ आणि ‘बर्डलाइफ साउथ आफ्रिका’ न्यायालयात गेल्या. १८ मार्च २०२५ रोजी प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने मच्छीमार उद्योगाच्या संमतीने झालेली तडजोड आदेश म्हणून मान्य केली. सहा प्रमुख वसाहतींभोवती सार्डिन आणि अँकोव्ही पकडण्यावर नव्या हद्दींनुसार निर्बंध आले.

कोकणातल्या वाचकाला हा वाद परका वाटू नये. पर्ससीन आणि रापण यांचा झगडा आपल्या किनाऱ्यावरही जुना आहे आणि महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध घातले, ते तारली-बांगड्याच्या घटत्या साठ्यांची चर्चा झाल्यानंतरच. फरक इतकाच, की रापणकार निवेदन घेऊन जाऊ शकतो. पेंग्विनच्या वतीने दुसऱ्या कोणाला तरी जावे लागले.

तेलाने माखलेला पक्षी छायाचित्रात दिसतो. त्याच्यासाठी माणसे रजा काढून धावत येतात आणि काही आठवड्यांत तो बरा होऊन पोहत जाताना पाहण्याचे समाधान मिळते. भुकेने न जन्मलेले पिलू कोणत्याच छायाचित्रात येत नाही. त्याच्यासाठी नकाशे, आकडे, बैठका आणि खटले लागतात. ज्या संस्थेने पहिल्या कामात नाव कमावले, तिने दुसरे काम अंगावर घेतले, यात मला तिचा खरा मोठेपणा वाटतो. ते काम वेळेत झाले का, हे येत्या दहा वर्षांत कळेल.

पहिले कामही सुटलेले नाही. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे असंख्य जहाजांनी सुएझ टाळून पुन्हा केपची वाट धरली. ज्या कारणाने ही संस्था जन्मली, ते छप्पन्न वर्षांनी वेगळ्या युद्धाच्या रूपाने परत आले. टेबल बेच्या काठावर धुण्याच्या टाक्या तयार ठेवाव्याच लागतात.