दुसऱ्यासाठी वाचणारा आवाज

१/ थ्रेड. ऑडिओबुक ही प्रवासात किंवा स्वयंपाक करताना पुस्तक ऐकण्याची अलीकडची सोय आहे, असा आपला सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात ही वस्तू अंध वाचकांसाठी जन्माला आली आणि कितीतरी वर्षे मुख्यतः त्यांचीच राहिली. डोळस श्रोते तिच्याकडे मागाहून आले.

२/ आजचा धागा त्या इतिहासाचा, आणि त्यातही एका अनुल्लेखित माणसाचा : मोबदला न घेता अख्खे पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या स्वयंसेवकाचा. मी नंदुरबारचा. हे काम थोडेफार करतो, म्हणून अधूनमधून स्वतःचे चार शब्दही येतील.

३/ दुसऱ्यासाठी वाचणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नाही. चातुर्मासात गावात कुणीतरी 'हरिविजय' किंवा 'पांडवप्रताप' लावी आणि ओसरीभर माणसे ऐकायला बसत. पोथी एक, वाचणारा एक, ऐकणारे पन्नास. नवविधा भक्तीतही पहिला मान श्रवणाचा आहे.

४/ याच परंपरेतला एक विलक्षण वाचक म्हणजे अमरावती जिल्ह्यातील माधानचे गुलाबराव महाराज (१८८१-१९१५). तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. पुढे त्यांनी इतरांकडून ग्रंथ वाचून घेतले, स्वतः सांगून लिहवून घेतले, आणि उण्यापुऱ्या चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ मागे ठेवले. 'प्रज्ञाचक्षू' ही उपाधी लोकांनी उगीच दिली नव्हती.

५/ आपण त्यांची बुद्धी आठवतो, आणि ते योग्यच. मला मात्र नेहमी त्यांच्यापुढे पोथी धरून बसलेली माणसे आठवतात. त्यांचा आवाज वाचता वाचता विरून गेला. दुसऱ्या दिवशी तेच पान पुन्हा हवे असेल, तर पुन्हा कुणीतरी बसायला हवे. ज्याच्याभोवती शिष्य नाहीत, त्या अंध मुलाने काय करायचे?

६/ एक उत्तर ब्रेल. मुंबईत १९०० साली अमेरिकन मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी अंध मुलांची शाळा काढली. दादरची आजची कमला मेहता अंध शाळा ती हीच. परंतु भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल लिपी नव्हती, निरनिराळ्या पद्धती चालत. सर्वांना समान अशी 'भारती ब्रेल' ठरली ती १९५१ मध्ये.

७/ ब्रेलचे मोल कमी नाही. मराठीत १५ फेब्रुवारी २००८ पासून स्वागत थोरात यांचे 'स्पर्शज्ञान' हे ब्रेल पाक्षिक निघू लागले. केवळ ऐकून शिकणाऱ्या मुलाला ऱ्हस्व-दीर्घ कुठून कळणार? ते बोटांनाच कळते. पण ब्रेल ग्रंथ जाडजूड, महाग. आणि चाळिशीनंतर दृष्टी गेलेल्या माणसाच्या बोटांना ही लिपी सहजी वश होत नाही.

८/ दुसरे उत्तर यंत्राचे. १८७७ मध्ये एडिसनने फोनोग्राफ केला. पुढच्याच वर्षी एका नियतकालिकात त्याने या यंत्राचे संभाव्य उपयोग मांडले, आणि त्यांत अंधांशी बोलणारी पुस्तके होती. कल्पना झाली. पण त्या काळच्या नळकांड्यावर जेमतेम दोन-चार मिनिटांचा आवाज मावे. त्यात कादंबरीचे एक प्रकरणही बसणार नव्हते.

९/ इथे इतिहासप्रेमींनी जरा थांबावे. लाँग प्ले तबकडी म्हटले की आपल्याला संगीत आठवते आणि १९४८ साल आठवते. परंतु अमेरिकेत मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या संथ तबकड्या अंधांच्या 'बोलत्या पुस्तकां'साठी १९३४ मध्येच वापरात आल्या होत्या. जी सोय संगीतरसिकांना पुढे मिळाली, ती अंध वाचकांनी चौदा वर्षे आधीच वापरली.

१०/ ब्रिटनमध्ये ही सेवा ७ नोव्हेंबर १९३५ रोजी सुरू झाली. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांची निकड तिच्यामागे होती. तबकडी आणखी संथ, मिनिटाला २४ फेरे, एका बाजूस सुमारे २५ मिनिटे. पहिल्या पुस्तकांत अगाथा ख्रिस्तीची एक रहस्यकथा होती. पहिल्याच दिवशी उपदेशपर ग्रंथ न देता खुनाची गोष्ट दिली, हे मला फार आवडते.

११/ विरोध झाला नाही असे नाही. खुद्द हेलन केलर यांचे आरंभी म्हणणे होते की मंदीत लक्षावधी लोक बेकार असताना बोलती पुस्तके ही चैन आहे, अंधांनी तूर्त तिच्यावाचून चालवावे. पुढे त्यांचे मत बदलले आणि त्यांनीच या कामासाठी आपले वजन खर्च केले.

१२/ तोवर वाचणारे बहुधा नट किंवा निवेदक असत. स्वयंसेवकाचा खरा प्रवेश १९४८ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये झाला. दुसऱ्या महायुद्धात अंध झालेल्या सैनिकांना सरकारने महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च दिला, पण पाठ्यपुस्तके वाचायची कशी? अ‍ॅन मॅकडोनल्ड या बाईंनी न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या पोटमाळ्यावर ओळखीपाळखीच्या स्त्रिया जमवल्या आणि सहा इंची तबकड्यांवर वाचन सुरू केले.

१३/ फरक लक्षात घ्या. रंजनाच्या पुस्तकाला आवाज गोड लागतो. पाठ्यपुस्तकाला गोडव्यापेक्षा अचूकपणा लागतो : कोष्टक, तळटीप, सूत्र, नकाशा. रसायनशास्त्राचे पुस्तक वाचायला रसायन जाणणारा माणूस हवा. त्यामुळे 'चांगला आवाज' ही या कामातली पहिली अट राहिली नाही.

१४/ १९६३ मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली आणि हे काम घरोघरी करता येण्याजोगे झाले. मुंबईत १९५२ साली स्थापन झालेल्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, म्हणजे 'नॅब'ने बोलत्या पुस्तकांचे ग्रंथालय उभारले. पुण्यात 'निवांत'सारख्या संस्थेत महाविद्यालयीन अंध विद्यार्थ्यांसाठी वाचणारे हात आणि आवाज जमले. दुपारच्या वेळी टेपरेकॉर्डरपुढे बसून बी.ए.ची पुस्तके वाचणाऱ्या अनेक गृहिणी, निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी यांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत.

१५/ कॅसेटचा दोष एकच, पण जीवघेणा. परीक्षेच्या आदल्या रात्री पाचव्या प्रकरणातील तिसरा मुद्दा शोधायचा, तर फीत पुढेमागे करीत बसायचे. डोळस विद्यार्थी पान उलटतो. याला पानच नाही. हे दुखणे 'डेझी' या डिजिटल पद्धतीने दूर केले. तिचा आंतरराष्ट्रीय संघ १९९६ मध्ये स्थापन झाला. आवाजाला प्रकरण, उपशीर्षक, पृष्ठक्रमांक जोडला जातो आणि श्रोता 'पृष्ठ १४२' वर थेट उडी मारतो.

१६/ आता या कथेतला सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि तो यंत्राचा नाही, कायद्याचा आहे. १९५७ च्या आपल्या प्रताधिकार कायद्यात दिव्यांग वाचकांसाठी अपवादच नव्हता. पुस्तक वाचून त्याच्या प्रती गरजूंना वाटायच्या, तर प्रत्येक पुस्तकासाठी प्रकाशकाची परवानगी मागा. पत्राला उत्तर येईतो शैक्षणिक वर्ष संपलेले असे.

१७/ २०१० मध्ये दुरुस्ती विधेयक राज्यसभेत आले. आनंद व्हावा, तर त्यात मेख होती. सवलत फक्त दिव्यांगांसाठी 'खास घडवलेल्या' स्वरूपांना होती. म्हणजे ब्रेलला होती. साधी ध्वनिफीत, संगणकावरची साधी फाईल, मोठ्या टायपातली प्रत यांचे काय? त्या तर कुणीही वापरू शकतो, म्हणून त्या 'खास' नव्हेत!

१८/ भारतातील बहुसंख्य अंध व्यक्तींना ब्रेल येत नाही. मग ही सवलत कुणाच्या पदरात पडणार होती? दिव्यांगांच्या संघटनांनी संसदीय स्थायी समितीपुढे हाच प्रश्न ठेवला. दोन वर्षांनी, मे २०१२ मध्ये, दोन्ही सभागृहांनी जे संमत केले त्यातून 'खास' ही अट गेली होती. २१ जून २०१२ पासून कोणत्याही सुगम स्वरूपाला मोकळीक मिळाली. एका विशेषणाने किती माणसांचे वाचन अडते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

१९/ कायद्याने बंधनही घातले. प्रत नफ्यासाठी विकायची नाही, ती दिव्यांग व्यक्तीनेच वापरावी आणि व्यापाराच्या वाटेला जाऊ नये, याची काळजी संस्थेने घ्यायची. त्यामुळे स्वयंसेवकाने वाचलेले पुस्तक यूट्यूबवर टाकून द्यायचे नसते. 'लोकांना फुकट मिळाले तर बिघडले कुठे?' असे मित्र विचारतात. लेखकाचे बिघडते, आणि त्याने विश्वास काढून घेतला तर या साऱ्यांचेच बिघडेल.

२०/ पुढच्याच वर्षी, २७ जून २०१३ रोजी, मोरोक्कोतील माराकेश येथे आंतरराष्ट्रीय करार झाला : एका देशात केलेली सुगम प्रत दुसऱ्या देशातील दिव्यांग वाचकाला देता यावी. त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत, जून २०१४. करार अमलात आला ३० सप्टेंबर २०१६ ला. त्याच वर्षी २४ ऑगस्टला 'सुगम्य पुस्तकालय' हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू झाले होते.

२१/ माराकेश करार केवळ अंधांपुरता नाही. ज्याचे हात पुस्तक धरू शकत नाहीत तो, आणि ज्याचे डोळे धड असूनही अक्षरे मनात लागत नाहीत तोही त्यात येतो. डिस्लेक्सियाविषयी महाराष्ट्रात जाण तुलनेने लवकर आली. १९९६ पासून येथे अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती मिळू लागल्या. केंद्राच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले आणि अध्ययन अक्षमता त्यांत आली.

२२/ कागदावर आली. पण ओळखणार कोण? 'ढ आहे', 'लक्ष नाही' हे शेरे मुंबईतही मिळतात. आमच्या जिल्ह्यात त्यात आणखी एक गुंता आहे. नंदुरबार १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत येथील साक्षरता सुमारे ६४ टक्के, राज्यात सर्वांत कमी. घरी पावरी, मावची, देहवाली किंवा अहिराणी. शाळेत प्रमाण मराठी.

२३/ धडगावच्या आश्रमशाळेतील मूल अडखळत वाचते, तेव्हा ते भाषेला अडते की अक्षराला? ग्रियर्सनने भिली आणि खानदेशी यांचा खंड १९०७ मध्येच काढला, म्हणजे या बोली नोंदवल्या गेल्याला शतक उलटले. पण अशा मुलाला तपासणाऱ्यास त्याची बोली यावी, ही अपेक्षा आजही मोठी ठरते.

२४/ 'आता संगणकच वाचून दाखवतो, मग माणूस कशाला?' हा प्रश्न हमखास येतो. रास्त आहे, यंत्रामुळे कितीतरी पुस्तके आज तत्काळ ऐकता येतात. मात्र मराठीत 'च' आणि 'ज' यांचे दोन उच्चार एकाच अक्षरात लपलेले असतात. 'जरा' म्हणजे थोडेसे आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण. लिहिताना फरक नाही, वाचणाऱ्याला अर्थ कळला तरच जीभ योग्य जागी लागते.

२५/ इतिहासाचे पुस्तक तर पावलोपावली परीक्षा पाहते. मोडी पत्रात 'छ १५ रजब' असे असते. 'छ' म्हणजे चंद्र, त्या महिन्यातील तितकावा चंद्र. हे नुसते 'छ' वाचायचे की उलगडून सांगायचे? आधी मुळाबरहुकूम वाचायचे आणि मग 'वाचकाची टीप' म्हणून खुलासा करायचा, अशी माझी रीत आहे. मूळ आणि टीप यांची सरमिसळ झाली, तर ऐकणाऱ्याला कळायला मार्गच नाही.

२६/ नकाशा सर्वांत अवघड. पहिल्यांदा मी 'येथे नकाशा आहे' एवढेच म्हणून पुढे गेलो होतो. ज्याच्यासाठी वाचले त्या मित्राचा फोन आला, "आहे ना? मग बघ आणि सांग." तेव्हापासून आधी दिशा, मग नद्या, मग गडकोट अशा क्रमाने सांगतो. तापी पश्चिमेला वाहते हे मला पाठ होते. नकाशा शब्दांत सांगू लागल्यावर ते पहिल्यांदा नीट समजले.

२७/ मागच्या महिन्यात स्वातंत्र्यलढ्याचे एक पुस्तक वाचायला घेतले. त्यात आमच्या गावाचे पान होते : ९ सप्टेंबर १९४२, तिरंगा हाती धरलेला जेमतेम पंधरा वर्षांचा शिरीषकुमार मेहता, त्याचे सोबती, पोलिसांचा गोळीबार, पाच जण हुतात्मा. मुलांच्या तोंडची घोषणा गुजराती होती, कारण शिरीषकुमारच्या घरची भाषा गुजराती.

२८/ ती ओळ मी मराठी वळणाने वाचली आणि पुढे गेलो. रात्री पुन्हा ऐकताना खटकली. शेजारी एक आजी आहेत, सारी गल्ली त्यांना 'बा' म्हणते. सकाळी त्यांच्याकडे गेलो. त्यांनी ओळ दोनदा म्हणवून घेतली, माझा 'न' दुरुस्त केला आणि म्हणाल्या, "एवढ्या हळू नको वाचू भाऊ. मुलं ओरडत होती."

२९/ ते पान तिसऱ्यांदा मुद्रित केले. मधे रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, म्हणून चौथ्यांदा.