उंदीर उतावळा आहे की त्याचं लक्ष नाही? हे मोजतात कसं?

ओझरच्या विघ्नहराचं वाहन उंदीर. प्रयोगशाळेत तोच एडीएचडीसारखे विकार समजून घ्यायला मदत करतो. कसा?

'पाच छिद्रांची चाचणी' केंब्रिज विद्यापीठात १९८० च्या दशकात आधी रॅटसाठी तयार झाली. उंदीर साधारण ५ सेकंद थांबतो, मग एका छिद्रात क्षणभर दिवा लागतो. तिथे नाक घातलं की खाऊ!

• दिव्याआधीच नाक घातलं: उतावळेपणा.
• चुकीच्या छिद्रात घातलं: लक्ष चुकलं.
• घातलंच नाही: लक्ष नव्हतं किंवा भूक नव्हती. म्हणून तो खाऊ किती वेगाने उचलतो, तेही पाहतात.

पुण्याच्या आयसरमध्ये वासाची चाचणी होते: एका वासाला चाटलं की बक्षीस, दुसऱ्याला थांबायचं.

दोन्ही वेगळं मोजणं गरजेचं, कारण एखादं औषध लक्ष सुधारतानाच उतावळेपणा वाढवू शकतं.