ब्रेकची धूळ आणि कायद्याच्या व्याख्या : हलक्या मालमोटारींच्या दुरुस्तीच्या इतिहासातील एक प्रकरण

यंत्रांचा इतिहास बहुधा ती निर्माण करणाऱ्यांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. शोधक, कारखानदार, स्वामित्वहक्क आणि उत्पादनाचे आकडे यांभोवती त्याची मांडणी होते; यंत्र एकदा कारखान्याच्या दारातून बाहेर पडले म्हणजे इतिहासकाराचे त्याकडील लक्ष संपते. वस्तुतः मोटारीसारख्या यंत्राचे आयुष्य तेथून पुढे सुरू होते, आणि त्यातील पुष्कळ काळ ते दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती असते. या उपेक्षित बाजूचे एकच लहानसे प्रकरण प्रस्तुत लेखात तपासावयाचे आहे. हलक्या मालमोटारीचा ब्रेक उघडून साफ करणे हे काम धोक्याचे आहे हे केव्हा कळून आले, आणि कळून आल्यावर ज्याच्या हातून ते काम होत होते त्याच्यापर्यंत ते ज्ञान पोहोचावयास एवढा विलंब का लागला, हा तो प्रश्न होय. या विलंबाचे कारण केवळ अज्ञानात शोधून भागणार नाही. त्याचा मोठा भाग कायद्यांच्या व्याख्यांत सापडतो, असे मला वाटते.

‘हलकी मालमोटार’ या संज्ञेविषयी प्रथम दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. फोर्ड कंपनीने १९१७ साली ‘टीटी’ नावाचा एक टनी सांगाडा विक्रीस आणला, तेव्हापासून या वर्गाला निश्चित रूप आले असे म्हणावयास हरकत नाही. दुसऱ्या महायुद्धात प्रसिद्धीस आलेली जीपदेखील अमेरिकी सैन्याच्या दप्तरी ‘पाव टनी ट्रक’ म्हणूनच नोंदलेली होती. मराठीत मात्र या साऱ्या वर्गाला आपण ‘टेम्पो’ म्हणतो. हे मूळचे हँबुर्ग येथील एका जर्मन कारखान्याच्या गाड्यांचे नाव. १९५८ पासून बजाज टेम्पो कंपनीने त्या गाड्या येथे तयार करावयास प्रारंभ केला आणि विशेषनामाचे सामान्यनाम होऊन बसले. भाजीच्या बाजारापासून छापखान्यापर्यंत सर्वत्र उपयोगी पडणारे हे वाहन क्वचितच मोठ्या ताफ्यात असते. राज्य परिवहनाच्या गाड्यांना आगार असते, तेथे कार्यशाळा असते, कामगारांची हजेरी असते. टेम्पोचा मालक बहुधा एकाच गाडीचा मालक असतो, आणि ती बिघडली म्हणजे तो रस्त्याकडेच्या गॅरेजात जातो. हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा ठरणार आहे.

ब्रेकची रचना थोडक्यात अशी : चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी ड्रमच्या आत दोन अर्धवर्तुळाकार ‘शू’ असतात व त्यांवर घर्षणाचे अस्तर, ज्याला कारागीर ‘लायनर’ म्हणतात, रिव्हेटांनी किंवा चिकटवून बसविलेले असते. पाय दाबला की शू ड्रमला आतून घासतात. अस्तर झिजते, आणि त्याची भुकटी ड्रमच्या आतच साठत राहते. पुढील चाकांना डिस्क ब्रेक आल्यानंतरही हलक्या मालमोटारींच्या मागील चाकांना ड्रम दीर्घकाळ राहिले. डिस्कची धूळ रस्त्यावर उडून जाते. ड्रमची धूळ मात्र तो उघडणाऱ्याची वाट पाहत असते.

हे अस्तर प्रथम चामड्याचे, लाकडाचे, कापसाचे असे. इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात हर्बर्ट फ्रूड याने १८९७ साली घोडागाड्यांसाठी ब्रेकचे ठोकळे बनविण्याचा उद्योग आरंभिला. ‘फेरोडो’ हे त्याच्या मालाचे नाव त्याच्याच आडनावाच्या अक्षरांची उलटापालट करून व एका अक्षराची भर घालून बनविलेले आहे. मोटारींचा वेग वाढला तसा कापूस जळू लागला, आणि १९०८ च्या सुमारास फ्रूडने ॲस्बेस्टॉसचा अवलंब केला. न जळणारा, सुतासारखा विणता येणारा हा खनिज तंतू या कामास इतका योग्य ठरला की पुढील सुमारे सत्तर वर्षे ब्रेक म्हटले की ॲस्बेस्टॉस असे समीकरणच होऊन गेले.

त्याच तंतूचे दुसरे रूप इंग्लंडमध्येच उघडकीस येत होते. रॉचडेल येथील ॲस्बेस्टॉस कारखान्यात काम करणारी नेली केरशॉ ही स्त्री १९२४ साली, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, फुप्फुसाच्या विकाराने मरण पावली. डॉ. कुक यांनी तिच्या विकृतीचे वर्णन त्याच वर्षी ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले व १९२७ साली तिला ‘ॲस्बेस्टॉसिस’ हे नाव दिले. यानंतर सरकारी वैद्यकीय निरीक्षक मेरेवेदर यांनी ३६३ कामगारांची तपासणी केली. त्यांपैकी ९५ जणांची फुप्फुसे या धुळीने निबर झालेली आढळली. मेरेवेदर आणि अभियंता प्राइस यांचा हा अहवाल १९३० साली प्रसिद्ध झाला. धूळ उडते तेथेच ती शोषून घ्या, शक्य तेथे काम ओलसर अवस्थेत करा, कामगारांना धोक्याची जाणीव द्या, हे त्यातील उपायांचे सार होते. पुढे अर्धशतकाने गॅरेजांना जे सांगण्यात आले ते तत्त्वतः याहून निराळे नव्हते.

१९३१ साली या अहवालाच्या आधारे ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉस उद्योगाचे नियम तयार झाले व १९३२ च्या मार्चपासून ते अमलात आले. या नियमांच्या शब्दरचनेकडे अभ्यासकांनी बारकाईने पाहावयास हवे. कोरड्या अवस्थेतील कापणे, घासणे, कातणे, झिलई करणे या क्रिया त्यांत स्पष्टपणे नमूद आहेत, आणि ब्रेकचे नवे अस्तर ड्रमला बेतण्यासाठी कारागीर नेमके हेच करीत असतो. पण त्या क्रियांना एक शेपूट जोडलेले आहे : त्या वस्तूंच्या ‘निर्मितीमध्ये’ घडल्या पाहिजेत. म्हणजे डर्बीशायरमध्ये अस्तर घासणारा कामगार नियमाखाली आला; तेच अस्तर मँचेस्टरच्या गॅरेजात घासणारा आला नाही. शिवाय यांपैकी काही कामे केवळ प्रसंगोपात्त होत असतील आणि कोणीही आठवड्यात आठ तासांहून अधिक काळ त्यांवर नसेल, तर ती जागा नियमांतून वगळलेली होती. धुळीला मात्र निर्मिती आणि दुरुस्ती यांतील भेद कळत नव्हता. नियम करणाऱ्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे येथे कारण नाही; तपासणी झाली होती ती कारखान्यांतील कामगारांची, तेव्हा उपायही त्यांच्यापुरतेच सुचले. पण पुराव्याची मर्यादा हीच संरक्षणाची मर्यादा होऊन बसली, आणि पुढील चाळीस वर्षे ती तशीच राहिली.

मधल्या काळात दुरुस्तीचे शास्त्र मागासलेले होते असे मात्र कोणी समजू नये. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने वाहनांच्या देखभालीच्या पाच पायऱ्या ठरविल्या होत्या. पहिली चालकाची, शेवटची तळावरील मोठ्या कार्यशाळेची. ‘आर्मी मोटर्स’ या नियतकालिकात विल आइस्नर याच्या व्यंगचित्रांतून साध्या शिपायाला वंगण, टायर, ब्रेक यांची निगा शिकविण्यात आली. १९५१ पासून ‘पीएस’ या मासिकाने तीच परंपरा चालविली. कठीण तांत्रिक ज्ञान अल्पशिक्षित माणसापर्यंत नेण्याचा इतका यशस्वी प्रयोग विरळाच. त्यावरून एवढे सिद्ध होते की, सांगावयाचे ठरविले तर फिटरला सांगता येत होते. पण या साऱ्या खटाटोपात जपावयाचे होते ते वाहन. जॅकवरून गाडी घसरू नये, पेट्रोलचा भडका उडू नये, ही सावधगिरी असे. ब्रेकची धूळ ही केवळ घाण होती, आणि ती दाबाखालच्या हवेने उडवून देणे हे स्वच्छ कामाचे लक्षण मानले जाई. आपल्या गॅरेजांत याच क्रियेला ‘हवा मारणे’ म्हणतात. कॉम्प्रेसर नसेल तेथे ड्रम जमिनीवर आपटावयाचा, शू ब्रशने झटकावयाचे, आणि उरलेले फुंकरीने.

वैद्यकीय ज्ञानाची कक्षा १९५५ नंतर झपाट्याने रुंदावली. रिचर्ड डॉल यांनी त्या वर्षी कारखान्यातील कामगारांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे आधिक्य दाखवून दिले. १९६० साली वॅग्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतील निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या परिसरात फुप्फुसाच्या आवरणाचा दुर्मिळ कर्करोग नोंदविला. त्यातील काही रोगी खाणीत कधीच उतरले नव्हते, केवळ परिसरात राहिले होते. सेलिकॉफ यांनी १९६४ मध्ये ॲस्बेस्टॉस वापरणाऱ्या, म्हणजे न बनविणाऱ्या, कामगारांकडे लक्ष वेधले, आणि पुढील वर्षी लंडनमधील एका अभ्यासात पतीचे कामाचे कपडे धुणाऱ्या स्त्रियाही आढळल्या. कारखान्याची भिंत अशा रीतीने शास्त्राने ओलांडली. गॅरेजांतील धुळीची मोजमापे हिकिश व नाइट यांनी १९७० साली, आणि न्यूयॉर्कच्या रोल व सहकाऱ्यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली. दरम्यान अमेरिकेत १९७२ साली हवेतील तंतूंची मर्यादा घन सेंटिमीटरमागे पाच अशी ठरली होती, ती १९७६ पासून दोन झाली. १९९४ साली ती ०.१ वर आणण्यात आली. १९७५ साली ‘नायोश’ या सरकारी संशोधनसंस्थेने ब्रेक व क्लच दुरुस्त करणाऱ्यांसाठी स्वतंत्र इशारा काढला. माझ्या समजुतीप्रमाणे गॅरेजातील कारागीर हा स्वतंत्र वर्ग म्हणून सरकारी कागदात ठळकपणे येतो तो येथे. मेरेवेदरच्या अहवालानंतर पंचेचाळीस वर्षांनी.

येथे एका वादाचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ब्रेक लागताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने ॲस्बेस्टॉसचे स्वरूप पालटते, आणि झिजलेल्या भुकटीत मूळ तंतूंचा अंश अत्यल्प उरतो, असे लिंच यांनी १९६८ साली दाखविले होते. ब्रेक-कारागिरांमध्ये त्या दुर्मिळ कर्करोगाचे आधिक्य आढळत नाही, असा निष्कर्ष पुढील काही पाहण्यांच्या एकत्रित परीक्षणातून काढण्यात आला. त्यांपैकी काही लेखनास वाहन-उत्पादकांचे द्रव्यसाहाय्य होते हे खरे, पण तेवढ्याने ते खोटे ठरत नाही. मात्र हा युक्तिवाद झिजलेल्या धुळीपुरता आहे. नवे अस्तर कानशीने किंवा सहाणेवर घासले असता उडणारा तंतू उष्णतेतून गेलेला नसतो, आणि १९३१ च्या नियमांनी कारखान्यात ज्यावर बंधन घातले ते नेमके हेच काम होते. शिवाय इतिहासकारासमोरचा प्रश्न मृत्यूंची संख्या किती हा नसून, धोक्याचा निवाडा होईपर्यंत तो कोणी सोसावयाचा असे ठरले, हा आहे.

अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने १९८६ साली कारागिरांसाठी एक मार्गदर्शिका काढली. तिचे व पुढील नियमांचे तात्पर्य सोपे आहे. हवा मारू नये. कोरडा ब्रश वापरू नये. ड्रमभोवती बंदिस्त आवरण घालून बारीक गाळणीच्या यंत्राने धूळ शोषावी, अथवा ड्रम काढण्यापूर्वी व काढताना सर्व भाग कमी दाबाच्या पाण्याने भिजवून ओल्या फडक्याने पुसावेत, आणि ते फडके बंद पिशवीत टाकावे. १९९४ च्या नियमांत एक सवलत आढळते : आठवड्यात पाचांहून अधिक ब्रेकजोड्या न उघडणाऱ्या गॅरेजाला केवळ फवारा व फडके पुरे. १९३१ चे आठ तास आणि १९९४ च्या पाच जोड्या शेजारीशेजारी ठेवून वाचाव्यात. पूर्वीच्या सवलतीने लहान जागा नियमाबाहेर काढली; नंतरच्या सवलतीने ती आत ठेवून तिच्या ऐपतीचा उपाय सांगितला. साठ वर्षांतील खरी प्रगती मला या फरकात दिसते. ब्रिटनने १९९९ साली उरल्यासुरल्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. अमेरिकेने तसा नियम, ब्रेकच्या सुट्या अस्तरांसह, मार्च २०२४ मध्ये केला.

आपल्याकडील कथा निराळ्या वाटेने जाते. मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सने १९२८ साली गाड्यांची जुळणी सुरू केली. पुढे कुर्ल्यास प्रीमियरच्या मालमोटारी आणि माझगावला महिंद्रांच्या जीपगाड्या जुळविल्या जाऊ लागल्या. युद्धानंतर अतिरिक्त ठरलेली सैनिकी वाहनेही विक्रीस निघाली. या सर्वांच्या मागे गॅरेजे वाढली, आणि त्यांत अक्षरशत्रू पण हुन्नरी फिटरांची एक पिढी उस्तादाच्या हाताखाली तयार झाली. १९४८ च्या फॅक्टरी कायद्यातील उत्पादनक्रियेची व्याख्या ब्रिटिश नियमांहून उदार होती. तीत ‘दुरुस्ती’ हा शब्द स्पष्टपणे घातलेला होता. म्हणजे ज्या शब्दाच्या अभावी मँचेस्टरचे गॅरेज बाहेर राहिले तो येथे होता. परंतु कारखाना ठरण्यासाठी विजेवर काम चालत असल्यास किमान दहा व नसल्यास वीस कामगार हवेत, अशी अट होती. उस्ताद, दोन फिटर आणि चहा आणण्यापासून नटबोल्ट धुण्यापर्यंत सर्व करणारा एक पोरगा, एवढ्यांचे गॅरेज त्या संख्येपर्यंत कसे पोहोचणार? ब्रिटनमध्ये कामाच्या प्रकारामुळे जो वगळला गेला, तो येथे डोकी मोजताना वगळला गेला.

सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्यासंबंधी महत्त्वाचा निकाल दिला. प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे, किंवा ती सुटल्यानंतर पंधरा वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत जपून ठेवावी, असा आदेश त्यात आहे. हा विकार दशकांनंतर प्रकट होतो, हे जाणून दिलेला हा आदेश दूरदर्शी होता. पण तो ॲस्बेस्टॉस उद्योगांना उद्देशून होता, आणि नोंद जपण्यासाठी आधी नेमणूक नोंदलेली असावी लागते. मुंबईतील ॲस्बेस्टॉस कामगारांची एक वैद्यकीय पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली व तीत ॲस्बेस्टॉसिसचे रुग्ण आढळले. तेही एका कारखान्यातील. आज ॲस्बेस्टॉसविरहित अस्तरे बाजारात सर्रास मिळत असली तरी पांढऱ्या ॲस्बेस्टॉसच्या आयातीवर भारताने सरसकट बंदी घातलेली नाही, आणि जुन्या गाडीच्या ड्रममध्ये कोणते अस्तर आहे हे पाहून ओळखता येत नाही.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला येथील दप्तरखान्यांत फारसे हाती लागणार नाही. त्याने उत्पादकांच्या दुरुस्तीपुस्तिकांच्या निरनिराळ्या आवृत्त्या शेजारी ठेवून ब्रेकच्या प्रकरणात धुळीचा इशारा प्रथम केव्हा येतो ते पाहावे. अस्तरांच्या जुन्या खोक्यांवरील छापील मजकूर व त्याची भाषा तपासावी. आणि विशेषतः साठ-सत्तरीतील निवृत्त फिटरांच्या जबान्या, ते आहेत तोवर, टिपून घ्याव्यात. त्यांना कोणत्या साली, कोणी आणि कोणत्या भाषेत हवा मारू नये असे सांगितले, हा त्या जबान्यांतील पहिला प्रश्न असावा.