विजेची सायकल : नवी घ्यावी की जुनीच बदलावी?

खानापूर ते बेळगाव अंतर सुमारे २५ किलोमीटर. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॉट-तास वीज मावते. किलोमीटरला १२ वॉट-तास धरले तर ती ३० किलोमीटर पुरते. म्हणजे जाणे होईल, परतीसाठी बेळगावात चार्जिंग हवेच. चोर्ला घाटाच्या चढणीवर हा हिशेब कोलमडतो. हब मोटार तापते आणि पायडल मारण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

जुन्या सायकलीची खरी अडचण मात्र ब्रेकची. रॉड ब्रेक ओल्या पोलादी रिमवर निसटतात, आणि मलप्रभेच्या उगमाकडील हा मुलूख पावसाचा. त्यात मोटार-बॅटरीचे वजन वाढते. म्हणून आधी ब्रेक बदलावेत, मगच मोटारीचा विचार करावा. ब्रेक दाबताच मोटार बंद करणारा कट-ऑफ हवा. मोटार पुढच्या चाकात बसवायची असल्यास चिमटा पोलादीच असावा.

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॉटपेक्षा कमी शक्तीच्या, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या आणि चाचणी संस्थेची मान्यता मिळालेल्या सायकलीला नोंदणी वा परवाना लागत नाही. सुटा मिळणारा ३५० वॉटचा संच या सवलतीत बसत नाही. नवी सायकल घेताना मान्यतेचे प्रमाणपत्र दुकानदाराकडून मागून घ्यावे.