तालमीचे मोल

हिंदुस्थानी संगीतात गुरू शिष्याच्या मनगटावर धागा बांधतो, त्या विधीस गंडाबंधन म्हणतात. शिष्याने नजराणा ठेवायचा, गुरूने गूळ-चणे देऊन पहिले स्वर म्हणवून घ्यायचे, एवढाच हा सोहळा. नजराण्याची रक्कम सहसा चारचौघांत उच्चारली जात नाही. विद्या विकू नये, हा संस्कार त्यामागे आहे. प्रत्यक्षात जाणत्या गवयाची तालीम फुकट कधीच नव्हती; मोल चुकते करण्याची रीत तेवढी काळानुरूप बदलत गेली.

ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविणारे पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९-१९२६) यांच्या पिढीने ते मोल सेवेच्या रूपाने दिले. घर सोडून धार, ग्वाल्हेरपर्यंत जायचे, गुरुगृही पडेल ते काम करायचे आणि गुरूची मर्जी होईल तेव्हा पदरात पडेल ते कंठात साठवायचे. पैसा लागत नसे, पण उमेदीची वर्षे लागत. ज्याच्यावर संसार चालविण्याची जबाबदारी आहे त्याला हा मार्ग बंद होता आणि स्त्रियांना तर जवळजवळ पूर्णच बंद होता. रोख मोबदल्याला नाके मुरडणाऱ्यांनी ही बाजू फारशी विचारात घेतलेली दिसत नाही.

गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर (१८९२-१९७७) यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. अब्दुल करीमखाँ, रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले अशा थोरांकडे त्यांचे थोडेथोडे शिक्षण झाले होते. मात्र कोणाचीच तालीम सलग लाभली नव्हती. १९२१ साली त्यांनी जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ यांचा गंडा बांधला. त्या वेळी त्या तिशीच्या उंबरठ्यावर होत्या आणि मैफली करीत होत्या. खाँसाहेब सहजासहजी राजी झाले नाहीत. भरभक्कम नजराणा, दरमहा वेतन आणि दीर्घ काळ शिकण्याची हमी अशा अटींवर ही तालीम ठरल्याचे संगीतवर्तुळात सांगितले जाते. मुंबईच्या धनिक वर्गातील आश्रय पाठीशी असल्यामुळेच बाईंना तो भार पेलता आला. १९४६ मध्ये खाँसाहेबांचे निधन होईपर्यंत हे गुरु-शिष्याचे नाते टिकले.

या पैशातून नेमके काय विकत मिळाले? बंदिशी नव्हेत. नामांकित गायिकेला चिजा मिळविण्याचे अन्य मार्ग होते. मिळाले ते खाँसाहेबांचे कान. तालमीत गुरू एक जागा गाऊन दाखवितो, शिष्य ती पुन्हा म्हणतो. स्वर किंचित खाली राहिला, आकार दबला, श्वास समेच्या आधीच तुटला की गुरू तिथेच थांबवितो. जयपूर गायकीत दोन रागांचे मिश्रण असलेले जोडराग पुष्कळ. कुठल्या स्वरावरून एका रागाने दुसऱ्यात शिरायचे, हे कागदावर लिहिता येते; पण ते वळण गळ्यातून अचूक निघाले की नाही, हे गाणाऱ्याला स्वतःला कळत नाही. चुकीचा रियाज जितका अधिक, तितकी चूक पक्की. ती पक्की होण्याआधीच अडविणारा माणूस समोर असणे, यासाठी मोबदला द्यायचा असतो.

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने दाखवून दिली. पेशाने वकील असलेल्या या मुंबईकराने उस्तादांच्या पेटाऱ्यात बंद असलेल्या शेकडो चिजा मिळविल्या, स्वरलिपीत बसविल्या आणि ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत सर्वांसाठी खुल्या केल्या. चिजा हुंड्यात दिल्या जात, अशा कथा ज्या क्षेत्रात आहेत, तेथे हे धाडसच होते. पुस्तके घरोघर गेली, परंतु पुस्तकावरून कोणी मैफलीचा गवई झाल्याचे उदाहरण शोधावे लागेल. खुद्द भातखंडे यांनीही संगीत विद्यालये उभारण्यासाठी आयुष्य वेचले. लखनौचे मॅरिस कॉलेज १९२६ मध्ये सुरू झाले.

पैशाने ज्ञानाचे दार उघडते, तसेच ते दुसऱ्यासाठी बंदही होते. कुर्डी गावच्या मोगूबाई (१९०४-२००१) यांना १९२० च्या सुमारास सांगलीत अल्लादियाखाँनी आपणहून शिकवायला सुरुवात केली होती. वैद्याकडे उपचारासाठी आलेल्या खाँसाहेबांच्या कानावर या मुलीचा रियाज पडला, हे त्याचे निमित्त. पुढे खाँसाहेब मुंबईस गेले आणि तालीम खंडित झाली. मोगूबाई मुंबईत आल्या तेव्हा केसरबाईंशी ठरलेल्या अटी आड आल्या, असे सांगतात. त्यांनी आग्रा घराण्याकडे धाव घेतली, खाँसाहेबांचे बंधू हैदरखाँ यांच्याकडे शिक्षण घेतले, तेही मध्येच तुटले. अल्लादियाखाँचा रीतसर गंडा त्यांना १९३४ मध्ये बांधता आला. गुणवत्ता दोघींपाशी होती, ऐपत एकीपाशी. किशोरी आमोणकरांसारखी शिष्या मोगूबाईंनी घरात घडविली, ही गोष्ट खरी. पण मधल्या दशकाची भरपाई त्याने होते असे म्हणणे कठीण.

यावरचा उपाय संस्थेचा. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. फी देणाऱ्यांबरोबरच, काही वर्षे संस्थेपाशी राहण्याच्या करारावर गरीब मुलांनाही तेथे शिकविले जाई. मुंबईत हाच व्याप वाढविताना कर्ज झाले आणि शाळेची इमारत लिलावात गेली. कोलकात्याच्या आयटीसी संगीत रिसर्च अकादमीने १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून वेगळी वाट धरली: गुरूंना वेतन व निवास, शिष्यांना शिष्यवृत्ती. मोबदला चोख, पण तो शिष्याच्या खिशातून नाही.

बहुसंख्य हौशी विद्यार्थ्यांना आज तासाच्या हिशेबाने फी भरावी लागते. अमेरिकेतील मराठी कुटुंबे पुण्या-मुंबईच्या गुरूंकडे इंटरनेटवरून शिकतात. आवाज पोहोचायला क्षणाचा उशीर होत असल्याने गुरू-शिष्यांना एकत्र गाता येत नाही. ठेका शिष्याच्या बाजूला लावावा लागतो आणि गुरू ऐकून मग दुरुस्ती सांगतो. फी भरणाऱ्याने चौकशी करावी ती याच दुरुस्तीची: तासाभरात गुरू किती गातो यापेक्षा शिष्याला किती वेळा थांबवितो.